पंचांग आणि विसर : ताओ परंपरेतील काळाचा इतिहास

ताओ परंपरेचा उल्लेख आज बहुधा वर्तमान क्षणात राहण्याच्या उपदेशासोबत होतो. घड्याळ बाजूला ठेवावे, घाई सोडावी, पाण्यासारखे वाहते राहावे, एवढ्यात ताओ मत आटोपते असा समज त्यातून पसरला आहे. चीनमधला इतिहास निराळे सांगतो. काळ विसरायला शिकवणाऱ्या या परंपरेने तिथी, तास आणि ऋतू यांची जितकी काटेकोर मोजणी केली तितकी फार थोड्या धर्मपरंपरांनी केली असेल. विसर आणि मोजणी तिथे दोन हजार वर्षे शेजारी नांदली. कधी एकाने दुसऱ्याला मागे सारले, कधी दोन्ही एकाच साधकाच्या दिनक्रमात आली.

मोजणीची चौकट ताओ मताहून जुनी आहे. शांग राजवटीत शकुन पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर, म्हणजे इ.स.पूर्व तेराव्या शतकापासून, साठ दिवसांचे चक्र कोरलेले सापडते. दहा ‘खोडे’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्या लावून प्रत्येक दिवसाला नाव मिळे आणि साठ दिवसांनी तेच नाव परत येई. पुढे वर्षेही याच चक्राने मोजली जाऊ लागली. प्रभव-विभवापासून क्षयापर्यंतची साठ संवत्सरे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. दिवसरात्रीचे बारा भाग असत, प्रत्येक दोन तासांचा. पहिला रात्री अकरा ते एक, लोकव्यवहारात उंदराचा. याशिवाय जलघड्याळातल्या खुणांच्या दांडीवर अहोरात्राचे शंभर भाग पाडलेले असत. शंभराला बाराने निःशेष भाग जात नाही. तरीही अधूनमधूनचे प्रयोग वगळता ही गैरसोय चिनी ज्योतिषांनी शतकानुशतके सोसली. १६४५ मध्ये छिंग राजवटीने नवे पंचांग लागू केले, तेव्हा शंभराचे शहाण्णव झाले.

पंचांग काढणे हा सम्राटाचा अधिकार होता. आकाशाच्या आज्ञेने राज्य करणाऱ्याने प्रजेला पेरणीचा, कापणीचा आणि विधींचा दिवस सांगायचा, ही त्यामागची भूमिका. ८३५ मध्ये तांग दरबाराने खासगीरीत्या छापलेल्या पंचांगांवर बंदी घातली ती याच कारणाने. चीनमध्ये काळाविषयी काही वेगळे बोलणे म्हणजे थोडेफार राजकारण करणेच होते, हे पुढचा इतिहास समजून घेताना विसरता येत नाही.

ताओ मताचे सर्वांत जुने हाती आलेले लेखन बांबूच्या पट्ट्यांवर आहे. १९९३ मध्ये हूबेई प्रांतात ग्वोत्यान येथील एका कबरीत लाओत्सेच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’चे काही भाग सापडले, ही कबर इ.स.पूर्व ३०० च्या सुमाराची आहे. त्याआधी, १९७३ मध्ये, छांगशा शहराजवळच्या मावांगत्वे येथे त्याच ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या होत्या. त्या इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या कबरीतल्या. या ग्रंथात काळाचे स्वतंत्र विवेचन नाही. सगळे फुलते आणि मुळाकडे परतते, आणि ते परतणे स्वस्थपणे पाहावे, इतकेच त्यात निरनिराळ्या रीतींनी येते. बैठक, श्वास आणि चित्ताची स्थिरता यांविषयी अधिक थेट बोलते ते ‘ग्वानत्झ’ या संग्रहातले ‘आतले शिक्षण’ नावाचे छोटे पद्यप्रकरण. ते इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. अंग सरळ ठेवावे, श्वास सम करावा, मन नीट झाडून ठेवावे म्हणजे सूक्ष्म प्राण आपोआप वस्तीला येतो, असा त्याचा आशय आहे.

काळाचा प्रश्न उघडपणे हाताळला तो च्वांगत्सेने. इ.स.पूर्व चौथ्या शतकातल्या या विचारवंताच्या नावावरचा ग्रंथ आज तेहतीस प्रकरणांचा आहे. त्यातली पहिली सात त्याची स्वतःची असावीत, असा परंपरागत समज आहे. पहिल्याच प्रकरणात सकाळी उगवून त्याच दिवशी संपणारी अळंबी येते, जिला महिन्याची अमावास्या-प्रतिपदा ठाऊक नाही. एका ऋतूपुरता जगणारा रातकिडा येतो, आणि आठ हजार वर्षांचा वसंत, आठ हजार वर्षांचा शरद असणारे झाडही येते. माणसे मात्र शेकडो वर्षे जगलेल्या फंग झू नावाच्या पुराणपुरुषाशी बरोबरी करू पाहतात. च्वांगत्सेला ते हास्यास्पद वाटते, कारण अळंबीच्या दिवसाला झाडाचे माप लावण्यात काही अर्थ नाही.

सहाव्या प्रकरणात एका वृद्ध स्त्रीचा प्रसंग आहे. तिचे वय खूप, चेहरा मात्र लहान मुलासारखा. आपण एका शिष्याला कसे घडवले ते ती सांगते. तीन दिवसांनी त्याने जगाला बाहेर ठेवले, आणखी सात दिवसांनी वस्तूंना, आणखी नऊ दिवसांनी स्वतःच्या जगण्याला. मग त्याच्या आत पहाट झाली, त्याला ते ‘एकटे’ दिसले आणि भूत-वर्तमान हा भेद उरला नाही. काळ ओलांडण्याच्या या वर्णनात तीन, सात आणि नऊ दिवसांची मोजदाद असावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संपूर्ण परंपरेचा स्वभाव तिच्यात आहे. याच प्रकरणात कन्फ्यूशियसचा आवडता शिष्य यान ह्वे गुरूला सांगतो की आपण ‘बसून विसरतो’: हातपाय गळून पडतात, डोळे-कान मावळतात, आकार आणि ज्ञान सुटते. ऐकून गुरूच शिष्याचा शिष्य व्हायला तयार होतो. प्रतिस्पर्धी पंथाच्या आद्यपुरुषाच्या तोंडी आपले मत घालण्याचा खोडकरपणा च्वांगत्से वारंवार करतो. सातव्या प्रकरणात सिद्ध पुरुषाचे मन आरशासारखे सांगितले आहे. ते कोणाला निरोप देत नाही, कोणाला सामोरे जात नाही, समोर येईल ते दाखवते आणि काही साठवत नाही.

इ.स. ३१२ मध्ये मरण पावलेल्या ग्वो श्यांगने हा ग्रंथ आजच्या तेहतीस प्रकरणांत बसवला आणि त्यावर टीका लिहिली. त्याच्या मते सृष्टी क्षणोक्षणी नवी होते. कालचा ‘मी’ आज उरलेला नसतो, आणि जुन्याला धरून ठेवू पाहणाऱ्याला हे कळत नाही. क्षणाचे तत्त्वज्ञान म्हणून आज जे ताओ मताच्या नावावर सांगितले जाते, त्याचा मोठा वाटा च्वांगत्सेपेक्षा ग्वो श्यांगचा आहे.

दरम्यान ताओ मत ग्रंथांतून बाहेर पडून संघटित धर्म झाले होते, आणि त्या धर्माला तारखांचे भारी वेड होते. इ.स. १८४ हे साठ वर्षांच्या चक्राचे पहिले वर्ष. त्याच वर्षी जांग ज्याओ याच्या नेतृत्वाखाली ‘महाशांती’ पंथाच्या अनुयायांनी डोक्याला पिवळी फडकी बांधून हान साम्राज्याविरुद्ध उठाव केला. चक्राचा आरंभ म्हणजे नव्या युगाचा आरंभ, अशी त्यांची घोषणा होती. त्या वर्षाचे नाव राजधानी ल्वोयांगमधल्या सरकारी कचेऱ्यांच्या दारांवर पांढऱ्या मातीने लिहिले गेले. उठाव चिरडला गेला, पण हान घराणे त्यातून सावरले नाही. सिच्वानमध्ये जांग ताओलिंगने १४२ मध्ये स्थापन केलेला ‘दिव्य गुरूं’चा पंथ अधिक सावध निघाला. त्याने प्रदेशाचे चोवीस विभाग पाडले आणि अनुयायांना वर्षातून तीनदा, पहिल्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यात, एकत्र बोलावून कुटुंबांच्या नोंदी ताज्या करायला लावल्या. आकाश, पृथ्वी आणि जल या तीन अधिकारी देवतांचे उत्सव याच तीन महिन्यांच्या पौर्णिमांना आजही होतात.

नोंदींची ही वृत्ती शरीरातही शिरली. ग होंग (२८३–३४३) या दक्षिणेतल्या विद्वानाने लिहिले आहे की माणसाच्या प्रत्येक अपराधाची किंमत त्याच्या आयुष्यातून वजा होते, मोठ्यासाठी तीनशे दिवस, लहानासाठी तीन. वाण्याच्या वहीसारखा हा हिशेब वर पोचवण्याचे काम शरीरातच राहणारे ‘तीन शव’ नावाचे आत्मे करतात. साठ दिवसांच्या चक्रातल्या सत्तावन्नाव्या रात्री, माणूस झोपला की, ते बाहेर पडून आयुष्याच्या अधिकाऱ्याकडे चुगली करतात. माणूस मेला तरच त्यांची सुटका होते, म्हणून त्यांना घाई. उपाय सोपा होता, त्या रात्री झोपायचेच नाही. वर्षातून सहा, क्वचित सात वेळा येणाऱ्या या जागरणात साधक डोळे मिटू न देता बसत. सजगतेचा इतका शब्दशः अर्थ इतरत्र क्वचितच लावला गेला असेल. ही प्रथा जपानमध्ये गेली. तिथे हेआन काळातल्या दरबारात ही रात्र काव्यात आणि खेळांत घालवत, आणि पुढे एदो काळात खेडोपाडी जागरण-मंडळांनी जे स्मारक-दगड उभारले त्यांवर तोंड, कान आणि डोळे झाकलेली तीन माकडे कोरली.

ग होंगचा दुसरा नियम श्वासाचा. मध्यरात्रीपासून मध्यान्हापर्यंतचा प्राण जिवंत, मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंतचा मृत. म्हणून श्वासाची साधना पहिल्या अर्ध्यातच करावी. ३६४ ते ३७० या काळात यांग शी या दैवी संदेश मिळवणाऱ्या माणसाला माओशान पर्वताच्या परिसरात जे ग्रंथ ‘उतरले’, त्यांतले ध्यान तर ठरावीक दिवशी, ठरावीक तासाला, ठरावीक दिशेला तोंड करूनच करायचे असे. पुढे ताओ होंगजिंग (४५६–५३६) याने हे संदेश गोळा करून त्यांची छाननी केली. त्याला खगोलाचाही नाद होता आणि त्याने आकाशगोलाचे यंत्र बनवले होते. ध्यानग्रंथांचा संपादक स्वतः तारे मोजणारा असणे हा या परंपरेत योगायोग म्हणता येत नाही.

इ.स. ४०० च्या सुमारास आलेल्या लिंगबाओ ग्रंथांनी काळाचा आवाका एकदम वाढवला, आणि तो भारतातून आलेल्या कल्पनेने. बौद्ध ग्रंथांमधून चीनमध्ये पोचलेला ‘कल्प’ ताओ पंथीयांनी उचलला, एकेका कल्पाला सम्राटाच्या राजवटीसारखे नाव दिले, आणि प्रत्येक कल्पाच्या आरंभी ताओचे शास्त्र नव्याने प्रकट होते असे मांडले. कल्पान्ती सगळे जळते-बुडते, शास्त्र मात्र उरते. पंचांगावर सम्राटाची मालकी होती. विश्वाच्या पंचांगावर आता पुरोहितांनी आपली मालकी सांगितली.

लोककथेने हाच विषय हलक्या हाताने घेतला. आजच्या जज्यांग प्रांतातल्या छूजोउजवळ एक डोंगर आहे, त्याचे नावच ‘कुजलेल्या दांड्याचा डोंगर’. वांग जी नावाचा लाकूडतोड्या तिथे गुहेत सोंगट्यांचा खेळ खेळणाऱ्या मुलांपाशी थांबला. डाव संपतो न संपतो तोच त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा कुजून गेला होता, आणि गावी परतल्यावर ओळखीचे कोणी उरले नव्हते. पर्वतांच्या पोटात ‘गुहा-स्वर्ग’ आहेत आणि तिथला काळ वेगळ्या वेगाने चालतो, ही कल्पना तांग काळापर्यंत इतकी रुजली की दहा मोठ्या आणि छत्तीस लहान गुहा-स्वर्गांच्या रीतसर याद्या तयार झाल्या.

अशी एक यादी करणाऱ्या सिमा छंगजन (६४७–७३५) याने च्वांगत्सेच्या ‘बसून विसरण्या’ला पद्धतीचे रूप दिले. तो माओशानच्या परंपरेचा प्रमुख होता आणि त्याचे वास्तव्य बराच काळ थ्यानताय पर्वतावर होते. याच पर्वतावर सहाव्या शतकात बौद्ध आचार्य जयीने शमथ आणि विपश्यना यांची सविस्तर मांडणी केली होती, आणि तिची छाया सिमाच्या लेखनावर स्पष्ट आहे. त्याच्या ‘बसून विसरण्याविषयी’ या प्रबंधात सात पायऱ्या आहेत: श्रद्धा, गुंतवणुकी तोडणे, मन आवरणे, कामे कमी करणे, खरे पाहणे, गाढ स्थैर्य आणि ताओची प्राप्ती. त्यातली तिसरी सर्वांत व्यवहारी. मन मोकाट सोडले तर साधनेचा उपयोग नाही, आणि सगळे विचार बळाने मारून टाकले तर उरते ती आंधळी जडता, असे सिमा बजावतो. विचार उठला की त्याच्यामागे न जाता तो शमू द्यावा, आणि हे बैठकीपुरते न ठेवता चालता-बोलता करावे. आजच्या सजगता-वर्गांत जे शिकवतात त्याच्याशी हे जुळते, पण सिमाच्या यादीत कामे कमी करणे ही स्वतंत्र पायरी आहे. भरगच्च दिवस तसाच ठेवून त्यात वीस मिनिटे शांतता बसवण्याची कल्पना त्याला पटली नसती.

सिमा दरबारापासून पळणारा नव्हता. सम्राट रुईझोंगने त्याला ७११ मध्ये राजधानीत बोलावले, पुढे श्वानझोंगनेही. सिमा राजधानीतून निघाला तेव्हा लू त्सांगयोंग नावाच्या अधिकाऱ्याने जवळच्या जोंगनान पर्वताकडे बोट दाखवून तिथेही रम्य एकांत आहे असे सुचवले. लू स्वतः तिथे विरक्तीचा आव आणून राहिला होता आणि त्याच प्रसिद्धीवर त्याने पद मिळवले होते. माझ्या मते ती नोकरीची जवळची वाट आहे, असे सिमाने उत्तर दिले. चिनी भाषेत ‘जोंगनानची जवळची वाट’ हा वाक्प्रचार त्यावरून रूढ झाला.

याच शतकात किमयागारांनी काळाशी वेगळाच खेळ मांडला होता. जमिनीच्या पोटात खनिजांपासून अमृतद्रव्य नैसर्गिकरीत्या तयार व्हायला ४,३२० वर्षे लागतात, असे एक गणित होते. हा आकडा बारा आणि तीनशे साठ यांचा गुणाकार, म्हणजे एका वर्षातले दोन-तासी भाग. म्हणून भट्टीत एका भागाला एक वर्ष धरले की वर्षभरात तेच काम उरकते. त्यासाठी कोळसा तोलून घालायचा, हिवाळ्याच्या अयनापासून वजन वाढवत न्यायचे, उन्हाळ्याच्या अयनानंतर उतरवायचे. भट्टी म्हणजे आकसलेले वर्ष आणि किमयागार म्हणजे ते चालवणारा. पारा, शिसे आणि गंधक यांच्या या गोळ्यांनी काही तांग सम्राटांचा जीव गेला असे इतिहासकार मानतात, त्यात ८४६ मध्ये मरण पावलेला वूझोंग येतो.

विषाच्या या अनुभवाने आणि इतर कारणांनीही भट्टी हळूहळू शरीरात सरकली. ‘आतल्या किमये’त पोट हे पात्र, श्वास हा वारा आणि अवधान हा अग्नी. अग्नीचे वेळापत्रक जुनेच राहिले. ‘यी चिंग’ या शकुनग्रंथातल्या सहा-सहा रेषांच्या बारा आकृत्या बारा महिन्यांना आणि दिवसाच्या बारा भागांना लावलेल्या होत्या. मध्यरात्री तळाशी एक यांग-रेषा उगवते, सकाळी नऊ ते अकरामध्ये सहाही रेषा यांग होतात, मध्यान्ही तळातून यिन सुरू होते. पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत अग्नी वाढवायचा किंवा उतरवायचा नाही, तो विसावू द्यायचा. याला ‘स्नान’ म्हणत.

या वेळापत्रकाला सुरुंग लावला तो आतल्या किमयेच्या दक्षिण परंपरेचा आद्यपुरुष मानल्या जाणाऱ्या जांग बोदुआनने. त्याचा ‘वूजन प्यान’ हा काव्यग्रंथ १०७५ चा, आणि मृत्यू १०८२ मध्ये. त्याच्या नावावर असलेल्या एका छोट्या रचनेत म्हटले आहे की अग्नीला घड्याळाचा तास लागत नाही आणि हिवाळ्याचे अयन मध्यरात्रीच येते असे नाही. यातून ‘जिवंत मध्यरात्र’ ही कल्पना पुढे आली. पूर्ण निश्चलतेत शरीरात पहिली हालचाल आपोआप जागी होते तीच साधकाची मध्यरात्र, बाहेर दुपार असली तरी. ती ओळखायची तर सतत जागे अवधान हवे. तारखा पाळणारे शास्त्र इथे अवधानाचे शास्त्र झाले, मात्र त्याची सगळी परिभाषा पंचांगाचीच राहिली. याच पिढीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस, राजधानी कायफंगमध्ये सू सोंग या मंत्र्याने पाण्याच्या चाकावर चालणारा सुमारे बारा मीटर उंचीचा घड्याळ-मनोरा उभारला. त्यातल्या बाहुल्या घंटा वाजवून वेळ सांगत. ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांनी कायफंग जिंकले आणि हे यंत्र उचलून नेले.

जुर्चेनांच्या अमलाखालच्या उत्तरेतच ‘संपूर्ण सत्य’ पंथ जन्मला. त्याचा संस्थापक वांग छोंगयांग (१११३–११७०) याने ११६१ मध्ये जोंगनान पर्वताजवळ स्वतःची कबर खणली, तिला ‘जिवंत मृताची कबर’ म्हटले आणि तिच्यात दोन वर्षांहून अधिक काळ साधना केली. डोळे मिटून ताठ बसणे म्हणजे बैठक नव्हे, अहोरात्र चालताना, उभे असताना, झोपतानाही मन पर्वतासारखे अचल राहिले तर ती बैठक, अशी त्याच्या नावावरच्या पंधरा उपदेशांमधली भूमिका आहे. पंथ वाढला तसे मठ आले, आणि मठ म्हटले की वेळापत्रक: सकाळ-संध्याकाळचे पठण, लाकडी फळीच्या ठोक्यांवर उठणे-जेवणे, एक उदबत्ती जळेपर्यंत एक बैठक. भिंतींनी बंद केलेल्या खोलीत शंभर किंवा हजार दिवस एकांतात बसण्याची प्रथाही या पंथात होती.

वांगचा शिष्य छ्यू छूजी (११४८–१२२७) याला चंगेझखानाने मध्य आशियात बोलावून घेतले. वाटेत, मे १२२१ मध्ये, केरुलेन नदीकाठी त्याने भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण पाहिले. पुढे समरकंदला पोचल्यावर त्याने तिथल्या ज्योतिषाला त्याविषयी विचारले. तिथे ते ग्रहण सकाळीच लागले होते आणि सूर्य पूर्ण झाकला गेला नव्हता. छ्यूने उलगडा केला तो पंखा आणि दिवा यांच्या दाखल्याने: पंख्याच्या सावलीत बरोबर खाली असणाऱ्याला काळोख, बाजूला सरकलेल्याला उजेड. १२२२ मध्ये हिंदुकुशाजवळच्या छावणीत खानाने दीर्घायुष्याचे औषध मागितले, तेव्हा आयुष्य राखण्याचे मार्ग आहेत पण अमरत्वाची मुळी नाही, असे त्याने सरळ सांगितले. खान रागावला नाही. पुढे त्याने या पंथाला करमाफी दिली. छ्यूच्या समाधीभोवती बीजिंगमधला ‘शुभ्र मेघ मठ’ वाढला.

विसाव्या शतकात चौकटच बदलली. चिनी प्रजासत्ताकाने १ जानेवारी १९१२ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि जुने चांद्र पंचांग सरकारी व्यवहारातून गेले. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, ज्यांग वेइच्याओ या शिक्षणतज्ज्ञाने स्वस्थ बसण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. तरुणपणी त्याला क्षय झाला होता आणि बैठकीने तो बरा झाला, असे त्याचे सांगणे. त्याने ड्रॅगन, वाघ, शिसे, पारा ही सगळी परिभाषा काढून टाकली आणि शरीरशास्त्र-मानसशास्त्राच्या भाषेत श्वास समजावला. पुस्तक अनेकदा छापले गेले. ताओ ध्यान पंचांगापासून तुटून आरोग्याचा व्यायाम झाले ते प्रामुख्याने इथे, शांघायमध्ये, पाश्चात्त्यांच्या हाती पडण्याच्या आधी. १९२९ मध्ये ‘सुवर्णपुष्पाचे रहस्य’ या चिनी ध्यानग्रंथाचा रिचर्ड विल्हेल्मने केलेला जर्मन अनुवाद मानसशास्त्रज्ञ युंगच्या भाष्यासह निघाला आणि युरोपातली वाट सुरू झाली. सिमाच्या प्रबंधाचा लिव्हिया कोन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये आला.

१९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत चीनमधले मठ बंद पडले. ‘शुभ्र मेघ मठा’त दीक्षाविधी पुन्हा सुरू झाला तो १९८९ मध्ये. या मठात एका बाजूला साधकांची बैठक चालते, दुसऱ्या बाजूला साठ वर्षांच्या साठ देवतांचे दालन आहे. भाविक आपल्या जन्मवर्षाची मूर्ती शोधून तिच्यापुढे उदबत्ती लावतात. मठाचे मोठे उत्सव चांद्र तिथींनीच होतात. छ्यू छूजीच्या जयंतीचा पहिल्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी.